तीनदा विचारणारे आप्पा

मच्छिंद्र आप्पांचा कुणावरही विश्वास नाही. हे मी पाठीमागं बोलत नाही. त्यांच्या तोंडावरही बोलते आणि तेही मान हलवून 'बरोबर हाय' म्हणतात. दौंडला रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली आमची पत्र्याची टपरी आहे. आप्पा दस्त लिहितात, म्हणजे तोंडानं मजकूर सांगतात. मी, रजिया, तो कॉम्प्युटरवर टाईप करते. अकरा वर्षं झाली. तरी छापलेला कागद हातात आला की ते चष्मा कपाळावर चढवतात, कागद नाकाशी नेतात आणि मी आजच कामाला लागले असल्यासारखं एकेक ओळ तपासतात.

पक्षकाराचं आधार कार्ड ते उजेडात धरून बघतात. साक्षीदाराला बापाचं नाव दोनदा विचारतात, मध्ये पाच मिनिटं सोडून. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख मोबाईलशी ताडतात आणि दोन्ही जुळल्या तरी समोरच्या चहावाल्याला विचारतात. एकदा ताप आला म्हणून मी घरी राहिले, तर दुपारी गिताबाई, म्हणजे आप्पांची बायको, डबा घेऊन दारात हजर. त्या डबा द्यायला आल्या होत्या की ताप बघायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त लिहिला जातो तो दस्त हक्कसोडाचा. बाप गेला की सातबारावर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग एक दिवस भाऊ साडी घेऊन बहिणीच्या सासरी जातो, गाडी करून तिला दौंडला आणतो आणि ती आपला वाटा त्याच्या नावे सोडून देते. टपरीत येणाऱ्या त्या बाया मला लांबूनच ओळखू येतात. अंगावर नवी साडी असते, दुकानातल्या घड्या अजून मोडलेल्या नसतात. सही झाली की भाऊ त्यांना जेवायला नेतो. माहेर शाबूत राहतं.

या दस्तात शेवटी एक ओळ असते: 'हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिले असे.' बाकीचे लेखक ती ओळ भरभर वाचून मोकळे होतात. आप्पा तसं करत नाहीत. ते बाईला तीनदा विचारतात. एकदा मजकूर वाचून झाल्यावर, एकदा भावाला चहाला पिटाळून, आणि एकदा पेन तिच्या हातात दिल्यावर. "ताई, राजीखुशीनं देताय न्हवं?" तिन्ही वेळा प्रश्न तोच, आवाजही तोच.

अकरा वर्षांत एकही बाई 'नाही' म्हणाली नाही. आप्पांना याचा केवढा अभिमान! माझ्या टपरीतला एकही दस्त कोर्टात गेला न्हाई, असं ते ज्याला त्याला सांगायचे. कॅलेंडरवर संशय घेणारा हा माणूस त्या एका उत्तरावर डोळे झाकून विसंबायचा. मी गप्प बसून टाईप करायचे. मला राग यायचा, पण माझ्या रागाचं कारण जरा वेगळं होतं. ते पुढं सांगते.

गेल्या वर्षी भाद्रपदात सुलक्षणा नावाची एक बाई टपरीत आली. पस्तिशीची, पुण्याची, पायात बूट. तिनं आणि तिच्या मित्रांनी कासुर्डीजवळ एक शेतघर भाड्यानं घेतलं होतं. तिथं शनिवार-रविवार बावीस जण एक खेळ खेळणार होते. खेळाचं नाव 'घराणं'. नाटक नव्हे, कारण बघायला कुणी नाही. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जे पात्र निघेल ते होऊन दोन दिवस राहायचं. त्या घरात थोरल्या भावाचा शब्द अखेरचा, बायांनी पुढच्या ओसरीवर यायचं नाही, पुरुषांच्या पंगती उठल्यावर जेवायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. परदेशात याला लार्प म्हणतात म्हणे. आमच्याकडं याला काय म्हणतात ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिऱ्हाईक होती म्हणून गिळलं.

"रविवारी सकाळी त्या घरात हक्कसोड होणार आहे," सुलक्षणा म्हणाली. "आम्हाला खरा दस्त लिहिणारा माणूस हवाय. तुम्ही रोज करता तसंच करायचं."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "माजं नाव कुणी सांगितलं?"

"इथे बाहेर विचारलं. सगळे म्हणाले, सगळ्यात कडक तुम्हीच."

"पाबळला कुणी वळखीचं?"

"पाबळ? नाही. कुठे आलं ते?"

ती गेल्यावर आप्पा माझ्याकडं वळले. "कुठं आलं म्हंती. शिरूर तालुक्यातलं एवढं मोठं गाव हिला ठावं न्हाई? ठावं हाय, म्हणून तर इचारती."

या पाबळात आप्पांची धाकटी बहीण अनसाबाई दिलेली आहे. आदल्या वर्षी त्यांचे वडील वारले आणि ओढ्याकाठच्या तीन एकरांच्या सातबारावर दोघांचीही नावं लागली. पुढच्याच सोमवारी अनसाबाई हक्कसोड द्यायला येणार होत्या. गिताबाईंनी मोरपंखी साडी निवडून पाबळला पोचतीही केली होती. दस्त मी टाईप करून ठेवला होता. ऐन त्याच आठवड्यात कुणीतरी शहरातली बाई येऊन हक्कसोडाचा खेळ मांडते म्हटल्यावर आप्पांचं डोकं फिरलं. हा मेव्हण्याचा डाव, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. खेळाच्या निमित्तानं आपल्याला बोलतं करायचं, फोनवर टिपायचं आणि सोमवारी बहिणीला भडकवून द्यायचं.

"मग जाऊ नका," मी म्हणाले.

"जाणार. गेल्याबिगर कळंल कसं कोन हाय त्ये?"

सुलक्षणा गाडी पाठवणार होती, ती आप्पांनी नाकारली. लॅपटॉप आणि प्रिंटर पिशवीत घालून आम्ही एसटीनं कासुर्डी फाट्यावर उतरलो. शेतघरी आप्पांनी चहा घेतला नाही, पाणीसुद्धा घरचं. उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर त्यांनी वहीत उतरवून घेतले. दस्ताच्या प्रत्येक पानावर आडवं लिहिलं, 'खेळापुरते, कायद्याने शून्य', आणि खाली सही ठोकली. कुणी ओळ घुसडू नये म्हणून मोकळ्या जागेत रेघा मारल्या. मग सुलक्षणानं आम्हाला खेळाचा एक नियम सांगितला. कुणालाही सहन होईना झालं की 'खेळ थांबवा' एवढं म्हणायचं. त्या क्षणी सगळे थांबतात, कुणी का म्हणून विचारत नाही.

"कुनीबी?" आप्पांनी विचारलं.

"कुणीही. सून, मुलगी, कुणीही."

"आन् बाप्ये थांबत्यात?"

"थांबतात."

आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "हितंच घोळ हाय."

आत गेलो तर मला हसू आवरेना. चिठ्ठ्यांनी सगळी उलथापालथ केली होती. थोरला भाऊ झाली होती एक चष्मेवाली काटकुळी पोरगी. डोक्याला फेटा आणि तो सारखा डोळ्यांवर घसरतोय. आणि बहीण, गोदावरी, झाला होता सम्राट नावाचा दांडगा तरुण. दाढी, व्यायामशाळेत कमावलेले दंड, त्यावर पदर. हिंजवडीत कसल्याशा कंपनीत तो वीस माणसांचा साहेब आहे, हे नंतर कळलं. कालपासून त्यानं भाकऱ्या थापल्या होत्या, सगळ्यात शेवटी जेवला होता. बसायला सांगितलं तर भिंतीकडं सरकून अर्ध्या सतरंजीवर बसला. तेवढं बघून माझं हसू गेलं.

आप्पा वाचायला लागले. लिहून देणार गोदावरी, लिहून घेणार अमुक. वाचताना त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा लागला. "सदर मिळकतीच्या चतुःसीमा. पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट. दक्षिणेस सामाईक विहीर. उत्तरेस बांधावरची दोन चिंचेची..." आणि ते थांबले.

चूक माझी होती. नवा दस्त कोण कशाला पहिल्यापासून टाईप करतं? मी अनसाबाईंची फाईल उघडली होती, नावं बदलली होती आणि चारी दिशा बदलायच्या विसरले होते. आप्पा स्वतःचीच जमीन वाचत होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी प्रिंटरची वायर उगाच काढून परत लावली. पण बावीस माणसं बघत होती. त्यांनी घसा खाकरला. "...दोन चिंचेची झाडं."

मग रोजच्यासारखंच झालं. त्यांनी विचारलं, "ताई, राजीखुशीनं देताय न्हवं?" फेट्यातल्या भावाला अंगणात पिटाळलं आणि परत विचारलं. पेन हातात देऊन तिसऱ्यांदा विचारलं. सम्राट मांडीवरच्या नव्या साडीची घडी चाचपत होता. तिन्ही वेळा खाली बघून म्हणाला, "हो. राजीखुशीनं." आणि सही केली. आप्पांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. बघ, असं त्यांना म्हणायचं होतं.

खेळ संपला. पदर, फेटे उतरले, सगळे आपापल्या कपड्यांत गोल करून बसले. आम्हालाही बसवलं. सुलक्षणा एकेकाला विचारत होती, काय वाटलं. मग सम्राटची पाळी आली.

"मला सही करायची नव्हती," तो म्हणाला. "सकाळपासून ठरवलं होतं. 'खेळ थांबवा' एवढंच तर म्हणायचं होतं. पण सकाळी सगळे एकदम गोड बोलायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला गरम भाकरी आधी वाढली. साडी दिली. आता नाही म्हटलं तर ही माणसं परत माझ्याकडे बघणार नाहीत, असं वाटायला लागलं. खोटी माणसं आहेत, माहितीये मला, तरी वाटलं." मग त्यानं आप्पांकडं बघितलं. "आणि काका, सॉरी, पण मला सगळ्यात जास्त राग तुमचा आला. एकदा खोटं बोललो होतो, ते तुम्ही तीनदा बोलायला लावलंत."

आप्पा ताडकन उभे राहिले. "कुनी पाठवलं तुम्हाला? पाबळचं कोन हाय ह्यात?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सम्राट बिचारा म्हणाला, "मी नाशिकचा आहे."

आम्ही चालत फाट्यावर आलो. झाडाखाली उभं राहिल्यावर आप्पा म्हणाले, "त्या दिशा चुकून ऱ्हायल्या का मुद्दाम?"

"चुकून, आप्पा."

"कशावरून?"

त्यांच्या संशयाची लागण अशी की अलीकडं माझा मलाच प्रश्न पडतो.

"त्ये पोरगं नाटकी," ते थोड्या वेळानं म्हणाले. "दोन दिस लुगडं नेसून बाई व्हता येतंय व्हय? खरी बाई आसं करत न्हाई. खरी बाई मनात आसंल त्ये बोलती." आणि मग, जणू साक्षीदार सापडला, तसे माझ्याकडं वळले. "तूच सांग. तुज्या भावाला तू लिवून दिलंस तवा मी तुला इचारलं व्हतं का न्हाई?"

विचारलं होतं. सहा वर्षं झाली. अब्बांच्या मागं दोन खोल्यांचं घर राहिलं. माझा भाऊ इम्तियाज सूटचं कापड आणि मिठाई घेऊन आला. माझा दस्त मीच टाईप केला, 'राजीखुशीने' हा शब्दही मीच. आप्पांनी इम्तियाजला चहाला पिटाळलं, पेन माझ्या हातात दिलं. मला त्या घरातली मागची खोली हवी होती. तिथं अम्मीची शिलाई मशीन होती, मी तिथंच अभ्यास केला होता. ती कुणाला दाखवायला नको होती, नुसती माझी म्हणून हवी होती.

"तीनदा इचारलं व्हतं," मी म्हणाले.

"आन् तू तीनदा व्हय म्हणलीस."

"तिन्ही बारी खोटं बोलले, आप्पा."

समोरून दौंडची एसटी आली. आप्पांनी हात केला नाही. ती धुरळा उडवत निघून गेली.

"मंग न्हाई का म्हणली न्हाईस? मी इम्तियाजला हाकलून दिला आस्ता."

"आन् ईदला मी कुणाच्या घरी गेले आस्ते? तुमच्या?"

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सहा वर्षं रोज यांच्याशेजारी बसून तोच शब्द टाईप करत होते आणि यांना एकदाही संशय येऊ नये? चहातल्या पाण्यावर येतो! आप्पा प्रिंटरची पिशवी छातीशी धरून उभे होते. पुढच्या गाडीला तासभर लागला.

सोमवारी अकराला अनसाबाई आल्या. मोरपंखी साडी, घड्यांच्या रेषा तशाच. भावासाठी खपली गव्हाच्या कुरडया आणल्या होत्या. आप्पांनी दस्त काढला, वाचला. पूर्वेस ओढा, उत्तरेस चिंचेची झाडं. चिंचेपाशी अनसाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. वाचून झाल्यावर आप्पांनी तोंड उघडलं, पण प्रश्न काही निघेना. मग रीतीप्रमाणं भावाला चहाला पाठवायचं, तर भाऊ तेच. ते उठले, चपला घातल्या आणि खरंच चहावाल्याकडं निघून गेले. जाताना मला म्हणाले, "तू इचार."

मी विचारलं. अनसाबाई माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या, "व्हय गं बाई, राजीखुशीनं. आन पेन. मला दोनची गाडी गाठायचीय."

आप्पा पाच मिनिटांनी परत आले. "काय म्हणली?"

"व्हय म्हणाल्या."

"तुला खरं वाटलं?"

बहीण समोर बसलेली. मी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. "न्हाई."

आप्पांनी दस्त घडी करून खिशात घातला. "अनसा, आज ऱ्हाऊ दे. दिवाळीला मी सोता मुराळी म्हणून येतो न्यायला. सई कर न्हाईतर नको करू, मी येणार. दिवाळी झाल्यावर मंग बघू."

मला वाटलं, बाई सुखावेल. छे! अनसाबाईंचं तोंड पांढरं पडलं. "काय डाव हाय तुजा, दादा?"

"डाव कसला?"

"सई नको म्हणनारा भाऊ मी आजवर बगितला न्हाई. वयनी काय बोलली का? का म्हाताऱ्यानं आजून काय लिवून ठेवलंय, त्ये मला कळू नये म्हणून? आत्ताच घे सई. आन इकडं कागद." आणि त्यांनी भावाच्या खिशाला हात घातला. टपरीत दोघा भावंडांची अक्षरशः झटापट झाली. सही करू दे म्हणून बहीण भांडतेय आणि भाऊ खिसा दाबून मागं सरकतोय, असा दस्त मी तरी अकरा वर्षांत बघितला नव्हता. शेवटी त्या रडवेल्या होऊन निघाल्या. "माहेर तोडायचंच आसंल तर सरळ सांगायचं," असं म्हणत दोनच्या गाडीला गेल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गिताबाईंनी आप्पांशी बोलणं टाकलं. हाती आलेली सही कुणी सोडतं का, असं त्या मला येऊन विचारायच्या, जणू मीच त्यांना पढवलं होतं. आप्पांचंही मन दोन्हीकडं ओढत होतं. ते काही रातोरात संत झाले नव्हते. ओढ्याकाठची जमीन सोडायची म्हटल्यावर त्यांचा जीव तुटत होता, ते दिसत होतं. दस्त लिहायला बसले की मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "त्या शेरातल्या बाईनं आपल्याला नादी तर लावलं न्हाई ना, रजिया?" पण धनत्रयोदशीला ते पाबळला गेले आणि बहिणीला घेऊन आले.

भाऊबिजेला मला त्यांनी फराळाला बोलावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळं मीही जरा सावधच गेले. पाट मांडलेला होता, ताटात निरांजन पेटलेलं. अनसाबाई समोर बसल्या होत्या, पण चार दिवस माहेरी राहूनही पाहुण्यासारख्या, पाठ ताठ. स्वयंपाकघरात गिताबाई भांडी आपटत होत्या.

ओवाळायच्या आधी आप्पांनी खिशातून तो दस्त काढला आणि बहिणीच्या हातात दिला. पेन दिलं नाही.

"अनसा, जिमीन सोडायचीय का तुला?"

अनसाबाईंनी कागदाकडं बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं, मग बाहेरच्या दाराकडं. त्यांची पिशवी तिथंच भरून ठेवलेली मला दिसली. लगेच निघायची वेळ आली तर असावी म्हणून त्यांनी ती सकाळीच भरली असणार.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

आतली भांडी थांबली. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होते. आता चष्मा कपाळावर चढणार, आता दुसऱ्यांदा विचारणार, मग तिसऱ्यांदा. त्यांनी टोपी सारखी केली आणि पाटावर पुढं सरकून बसले.

"बरं," ते म्हणाले. "ओवाळ आता. वात इजंल."

त्यांनी परत विचारलं नाही.